आधी बोटींचा आराखडा, मग जेट्टी

मालवणच्या समुद्राविषयी कोल्हापुरात सध्या जो वाद रंगतो आहे, तो चुकीच्या प्रश्नावर अडकून पडला आहे. एका बाजूला उत्साही मंडळी आहेत. मुंबई–जयगड–विजयदुर्ग या मार्गावर गाड्यांसह प्रवासी नेणाऱ्या रो-रो बोटसेवेची घोषणा झाली, नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका निवतीजवळ समुद्रतळाशी बसवून तेथे कृत्रिम प्रवाळखडक आणि पाणबुडीची सफर उभी करण्याचा प्रकल्प पुढे आला, जुलै २०२५ मध्ये पन्हाळ्याबरोबर सिंधुदुर्ग किल्लाही जागतिक वारशाच्या यादीत गेला. आता फक्त मोठ्या जेट्ट्या बांधा, पर्यटक आपोआप येतील, असे त्यांचे म्हणणे आहे. दुसऱ्या बाजूला निसर्गप्रेमी आहेत. गर्दीने समुद्र मरतो आहे, तेव्हा पर्यटकांवर बंदी घाला किंवा निदान त्यांची संख्या निम्म्यावर आणा, अशी त्यांची मागणी असते. दोन्ही पक्ष माणसे मोजत बसले आहेत. एकाला ती वाढवायची आहेत, दुसऱ्याला कमी करायची आहेत. ही माणसे ज्या बोटीत बसून किल्ल्याच्या बेटावर जातात, त्या बोटीविषयी मात्र कोणीच बोलत नाही.

बेटावर चालत जाता येत नाही. तेथे पोहोचणारा प्रत्येक पर्यटक, प्रत्येक पाण्याची बाटली, प्रत्येक लिटर डिझेल बोटीतूनच जाते. म्हणून बेटाचे आणि त्याच्या भोवतालच्या पाण्याचे भवितव्य काही मोजक्या गोष्टींवर ठरते: एका वेळी किती बोटी निघतात, त्या कोणत्या मार्गाने जातात, किती वेगाने जातात, कोठे थांबतात, थांबताना खाली काय टाकतात, आणि या सगळ्याचा निर्णय कोण घेतो. माझे म्हणणे असे की सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर नव्या जेट्टीचा एकही दगड पडण्याआधी सागरी वाहतुकीचा आराखडा तयार झाला पाहिजे. तो मच्छीमारांबरोबर बसून तयार झाला पाहिजे, आणि परवान्याच्या अटींमध्ये उतरला पाहिजे. पर्यटकांची संख्या हा या आराखड्यातून निघणारा निष्कर्ष आहे. तो आधी ठरवून त्यावर भांडत बसल्याने एकही प्रवाळ वाचणार नाही.

समुद्रापासून दूर घाटावर राहणाऱ्या कोल्हापूरकरांनी यात का पडावे, असा प्रश्न येईल. एक उत्तर इतिहासातले आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर ज्या सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, तो पुढे करवीरच्या छत्रपतींकडे आला. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो जिंकून त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले, नंतर तो कोल्हापूरला परत मिळाला, आणि १८१२ च्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले. तोपर्यंत मालवणचे आरमार हे कोल्हापूरचे आरमार होते. दुसरे उत्तर आजचे आहे आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. दिवाळीच्या सुट्टीत, नाताळात किंवा शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की गगनबावड्याच्या आणि फोंड्याच्या वाटेने ज्या गाड्या खाली उतरतात, त्यांत आपल्या गाड्या मोठ्या संख्येने असतात. मालवणच्या धक्क्यावर सकाळी दहा-अकराला जी रांग लागते, त्या रांगेत सांगली, बेळगाव आणि पुण्याच्या जोडीने आपण उभे असतो. गर्दी आपली आहे, म्हणून तिच्या नियोजनाची जबाबदारीही काही अंशी आपलीच आहे.

आता प्रत्यक्ष पाण्याकडे येऊ. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, आणि त्यातला गाभा अवघा तीन चौरस किलोमीटरच्या आसपास, पद्मगड आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात. म्हणजे महाराष्ट्रातला एक अत्यंत गजबजलेला जलदुर्ग आणि महाराष्ट्राच्या समुद्रातला सर्वांत नाजूक तुकडा एकाच ठिकाणी आहेत. येथील प्रवाळ अंदमान-लक्षद्वीपच्या छायाचित्रांत दिसतात तसे झाडासारखे फांद्या फुटलेले नाहीत. पोराइट्स, टर्बिनेरिया अशा जातींचे हे प्रवाळ खडकाला चिकटून, गढूळ पाण्यात, दर पावसाळ्यात नद्यांचा गाळ सोसत वाढतात. पोराइट्सची वाढ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर असते. एका माणसाच्या ओंजळीत मावेल एवढा गोळा तयार व्हायला दहा-पंधरा वर्षे सहज जातात.

या पाण्यात स्नॉर्कलिंगसाठी आलेली होडी काय करते ते जवळून पाहिले पाहिजे. इंजिन मंदावते, खलाशी पुढच्या टोकाशी जातो आणि लोखंडी नांगर पाण्यात सोडतो. पाणी तीन-चार वाव, म्हणजे पाच-सात मीटर खोल. नांगर तळाला लागतो तेव्हा आवाज येत नाही, पण दोर ताणला जाईपर्यंत तो खडकावरून घासत जातो, आणि फाळ कशात तरी अडकला की मगच होडी थांबते. तो ज्यात अडकतो, ते बहुतेक वेळा प्रवाळच असते, कारण पर्यटकांना दाखवायचे असते ते खडकाजवळच. वाऱ्याने होडी फिरली की दोराचा खालचा भाग तळावर अर्धवर्तुळ आखत सरकतो. अर्ध्या तासाने नांगर ओढून घेतला जातो तेव्हा त्याच्याबरोबर पांढरे तुकडे वर येतात. पुढची होडी येते आणि पुन्हा तेच. या होडीतले दहा-बारा पर्यटक अत्यंत सभ्य असतील, त्यांनी बिस्किटाचा एक तुकडाही माशांना टाकला नसेल, प्लास्टिकची बाटली परत नेली असेल. तरीही नुकसान व्हायचे ते झालेच. उलट हीच होडी तळाशी कायमच्या बसवलेल्या काँक्रीटच्या वजनाला जोडलेल्या तरंगत्या बोयाला दोरी बांधून थांबली असती, तर याच दहा-बारा माणसांनी याच जागी याच वेळात हेच मासे पाहिले असते आणि खाली काहीही तुटले नसते. मग या जागेवरचे प्रवाळ वाचवायचे असतील, तर आपण माणसे मोजावीत की नांगर?

थायलंडच्या फी फी बेटांवरील माया बे या उपसागराचा अनुभव नेमका हेच सांगतो. रोज हजारो पर्यटक आणि शेकडो वेगवान बोटी तेथील उथळ पाण्यात थेट शिरत होत्या. जून २०१८ मध्ये तो उपसागर बंद करण्यात आला आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा उघडला. उघडताना जो बदल झाला, तो केवळ संख्येचा नव्हता. बोटींना उपसागरात शिरण्यास मनाई झाली. त्यांनी बेटाच्या मागच्या बाजूला तरंगत्या धक्क्याला लागायचे आणि पर्यटकांनी पायवाटेने पलीकडे यायचे, अशी व्यवस्था झाली. ताशी प्रवेश ठरवून दिला गेला आणि दरवर्षी काही काळ विश्रांतीचा ठेवला गेला. बंदच्या काळातच त्या उथळ पाण्यात ब्लॅकटिप जातीचे शार्क परतले होते, आणि बोटी बाहेर ठेवल्यामुळे ते पाणी त्यांना राहिले. पर्यटन बंद झाले नाही. बोटीची वाट बदलली.

गॅलापागोसमध्ये हा विचार आणखी पुढे नेलेला आहे. तेथे पर्यटक नौकेचा मार्ग मालक ठरवत नाही, राष्ट्रीय उद्यानाचे प्रशासन ठरवते. कोणती नौका कोणत्या दिवशी कोणत्या जागी लागणार याचे वेळापत्रक आधीच दिलेले असते, चौदा दिवसांच्या आत तीच नौका त्याच जागी पुन्हा लागू शकत नाही, एका नौकेवर शंभरापेक्षा अधिक प्रवासी नसतात आणि दर सोळा पर्यटकांमागे एक प्रशिक्षित वाटाड्या असावा लागतो. आपल्याला एवढे लांब जाण्याचीही गरज नाही. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात ऑनलाइन नोंदणी, दिवसाची मर्यादा आणि स्थानिक गावांच्या वनसमितीकडे व्यवस्थापन ही पद्धत आपण कोल्हापूरकरांनी निमूटपणे स्वीकारली आहे. पठारावर जे चालते ते पाण्यावर का चालू नये?

येथे एक इशारा दिला पाहिजे, कारण ‘गर्दी विभागा’ हा उपाय फार सहज सुचवला जातो. सिंधुदुर्ग किल्ल्यावर गर्दी होते, तर काही बोटी निवतीच्या खडकांकडे वळवा, काही आणखी दूर न्या, असे म्हणणारे लोक मला भेटतात. निवतीचे खडक म्हणजेच वेंगुर्ला रॉक्स. त्यांच्या गुहांत पाकोळ्यांची घरटी आहेत, आणि लाळेपासून बनणाऱ्या त्या घरट्यांची चोरटी तस्करी रोखण्यासाठी पक्षिप्रेमींना वर्षानुवर्षे पहारा द्यावा लागला आहे. अशा जागी गर्दीचा वाटा पाठवणे म्हणजे एका ठिकाणची जखम दोन ठिकाणी करणे. गर्दी काळात विभागावी, जागेत नव्हे. सकाळी दहा ते एक या तीन तासांत एकवटणाऱ्या फेऱ्या सकाळी सात ते संध्याकाळी पाच अशा पसरल्या, आणि शनिवार-रविवारच्या काही फेऱ्या आठवड्यातल्या इतर दिवसांकडे वळल्या, तर माणसे तेवढीच राहूनही किल्ल्याभोवतीच्या पाण्यावरचा एका वेळचा ताण बराच उतरेल. घारापुरीच्या लेण्या सोमवारी बंद असतात. तशी सुट्टी मालवणच्या पाण्यालाही आठवड्यातून एकदा देता येईल.

याबाबतीत आपल्या मातीतला एक दाखला मला फार मोलाचा वाटतो. ज्या गगनबावड्याच्या वाटेने आपण मालवणला जातो, ती जहागीर अमात्य बावडेकरांची. त्या घराण्याचे मूळ पुरुष रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावाने ओळखले जाणारे, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे आज्ञापत्र करवीरच्या गादीसाठीच लिहिले गेले. त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. दर्या खवळण्याच्या आधीच आरमार छावणीस न्यावे, छावणी किल्ल्याच्या आश्रयाखालील सुरक्षित बंदरात करावी, सगळे आरमार एकाच ठिकाणी ठेवू नये, असा त्या सूचनांचा रोख आहे. आरमारासाठी लाकूड लागते, पण रयतेने लेकरांसारखी वाढवलेली आंबा-फणसाची झाडे तिच्या मर्जीविरुद्ध तोडू नयेत, हेही तेथेच बजावले आहे. युद्धाच्या धामधुमीत राज्य चालवणाऱ्या माणसाला नौका कोठे ठेवायच्या, किती ठेवायच्या आणि त्यांच्यासाठी किनाऱ्यावरच्या माणसांवर व झाडांवर किती भार टाकायचा, याचा विचार करणे आवश्यक वाटले. मग आज हातात उपग्रह आणि संगणक असताना तो विचार न करण्याची आपली सबब काय?

आता विरोधी बाजूचे मुद्दे. त्यांतले काही खरोखर वजनदार आहेत.

पहिला मुद्दा मच्छीमार मांडतात आणि तो खरा आहे. समुद्राचे मोठे नुकसान पर्यटकांच्या होड्यांनी केलेले नाही. माशांचा अख्खा थवा घेरणारी पर्ससीन जाळी, एलईडी दिव्यांची मासेमारी, परराज्यांतून येणारे ट्रॉलर, शहरांचे सांडपाणी आणि तापत चाललेला समुद्र यांचा वाटा कितीतरी मोठा आहे. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षांत समुद्र तापल्यामुळे लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले, ते कोणा होडीवाल्यामुळे नव्हे. मग पारंपरिक मच्छीमाराच्या पर्यटक-होडीवरच नियमांचा बडगा का? माझे उत्तर असे की पर्ससीन आणि एलईडीवरील कारवाई झालीच पाहिजे, हा आराखडा तिला पर्याय नाही. पण उष्णतेने पांढरे पडलेले प्रवाळ पुन्हा सावरायचे असेल, तर सावरण्याच्या काळात त्याला नांगर, गाळ आणि तेल यांचा त्रास होता कामा नये. समुद्राचे तापमान मालवणातून कमी करता येत नाही. बोया मात्र मालवणातच बसवता येतो. मोठा गुन्हेगार मोकळा आहे म्हणून हातात असलेले छोटे काम करायचे नाही, हा न्याय आपण पंचगंगेच्या बाबतीत कधी मान्य केला नाही. कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध लढतानाच गणेशमूर्ती आणि निर्माल्य काहिलीत विसर्जित करण्याची सवय कोल्हापूरने लावून घेतली, ती दोन्ही कामे एकदम करता येतात म्हणूनच.

दुसरा मुद्दा पोटाचा. मेच्या अखेरीस प्रवासी वाहतूक बंद होते ती ऑगस्ट संपेपर्यंत. उरलेल्या महिन्यांत, त्यातही सुट्ट्यांच्या मोजक्या आठवड्यांत, वर्षाची कमाई करायची असते. बोटींवर मर्यादा आली की ज्याच्याकडे एकच होडी आहे तो आधी मरेल आणि ज्याच्याकडे पाच आहेत तो तगून राहील, ही भीती अनाठायी नाही. किंबहुना मर्यादा चुकीच्या रीतीने घातली तर तसेच होईल. लिलाव पद्धतीने परवाने दिले की ते बाहेरच्या भांडवलाकडे जातात, हे किनाऱ्यावर सगळे जाणतात. म्हणून मर्यादा बोटींच्या संख्येवर नको, एका वेळी पाण्यात असलेल्या बोटींवर हवी. आणि फेऱ्या पाळीने वाटल्या जाव्यात. कोल्हापूरच्या रिक्षा थांब्यावर नंबर लागतो तेव्हा रिक्षा कमी होत नाहीत, फक्त प्रवाशाच्या अंगावर सगळ्या एकदम धावून येत नाहीत आणि संध्याकाळी प्रत्येकाच्या खिशात काहीतरी पडते. पाळी पक्की असली की वेगाने दुसऱ्याच्या पुढे जाण्याचे, क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरण्याचे आणि भाडे पाडून एकमेकांचे नुकसान करण्याचे कारणच उरत नाही. ज्या होडीला आज गर्दीच्या तीन तासांत धावपळ करून चार फेऱ्या मिळतात, तिला दिवसभरात त्याच चार फेऱ्या निवांत मिळाल्या, तर तिच्या मालकाचे नुकसान कोणते?

तिसरा मुद्दा आपल्याच शहरातून येतो. शुल्क वाढवा, नोंदणी सक्तीची करा, असे म्हटले की समुद्र फक्त पैसेवाल्यांचा होतो. ज्या शहराने रस्त्यावर उतरून टोल हटवला, त्या शहरातल्या माणसाला ‘पर्यावरण शुल्क’ हा शब्द ऐकून राग आला तर मला त्यात नवल वाटत नाही. तरीही टोलविरोधी आंदोलनाचा गाभा नीट आठवला पाहिजे. लोकांनी रस्त्याचा दर्जा विचारला, करारातील अटी विचारल्या, पैसा कोठे जातो हे विचारले, आणि आपल्याला न विचारता हा भार का लादला, असे विचारले. हेच प्रश्न किल्ल्याच्या बोटीच्या शुल्कालाही विचारावेत. शुल्क लहान असावे. त्याचा हिशेब धक्क्यावरच्या फलकावर दर महिन्याला लागावा. त्यातून बोया, जीवरक्षक आणि शौचालये यांचा खर्च निघावा. आणि प्रत्येक दिवसाच्या फेऱ्यांमधील ठरावीक जागा शाळांच्या सहली आणि एसटीने येणाऱ्या प्रवाशांसाठी राखीव असाव्यात. नोंदणीने गरीब बाहेर फेकला जातो हे खरे नाही; हातकणंगल्याहून किंवा गारगोटीहून पहाटे निघालेले कुटुंब आज धक्क्यावर तीन तास उन्हात उभे राहून ओहोटी लागली म्हणून किल्ला न पाहता परत फिरते, तेव्हा ते बाहेर फेकले जाते. हॉटेलात राहणारा दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊ शकतो. एका दिवसात घर गाठायचे असणाऱ्यालाच वेळेची खात्री सर्वांत जास्त हवी असते.

चौथा आक्षेप असा की नियम कागदावर राहतील. प्रशासनाकडे माणसे नाहीत, गस्तीची बोट नाही, इच्छा नाही. हा आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करतो, कारण त्याच्या बाजूने पुरावा पुष्कळ आहे. १७ जुलै १९४७ रोजी भर पावसाळ्यात भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तेव्हापासून क्षमता, जीवरक्षक साधने आणि पावसाळी वाहतूक यांविषयी आपण बोलतो आहोत. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगहून परतणारी होडी उलटून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाच्या वेगवान बोटीने धडक दिली, आणि त्यानंतर कळले की प्रवासी बोटीवर परवान्यापेक्षा अधिक माणसे होती. नियम होते, पाळले जात नव्हते.

म्हणूनच आराखडा असा हवा की त्याचे पालन एखाद्या शिपायाच्या शिट्टीवर अवलंबून राहणार नाही. खडकाजवळ सहा बोये असतील आणि नांगर टाकण्यास पूर्ण बंदी असेल, तर सातवी होडी थांबणार कोठे? ती थांबलीच तर किनाऱ्यावरून उघड्या डोळ्यांनी दिसते आणि बोयाची पाळी असलेला होडीवाला स्वतः बोंब मारतो. तिकीट ठरावीक फेरीशी बांधलेले असेल आणि त्यावर होडीचा क्रमांक असेल, तर जास्तीचा प्रवासी चढवायला तिकीटच उरत नाही. येथे सुरक्षितता आणि निसर्गरक्षण ही दोन वेगळी खाती नाहीत. ज्या मर्यादेने प्रवाळ वाचतात त्याच मर्यादेने माणसेही वाचतात. हे एकदा होडीवाल्यांना आणि पर्यटकांना पटले, तर अंमलबजावणीला हजार डोळे मिळतील.

मोठ्या नौकांचा विचार वेगळा करावा लागेल. रो-रो सेवेला माझा विरोध नाही. महामार्गावरचा ताण तिने हलका झाला तर चांगलेच आहे. पण पंचवीस नॉटच्या, म्हणजे ताशी ४६ किलोमीटरच्या आसपास धावणारी नौका ज्या पट्ट्यातून जाणार, त्याच पट्ट्याच्या किनाऱ्याकडील उथळ पाण्यात हंपबॅक डॉल्फिनचे कळप वावरतात आणि पारंपरिक मच्छीमारांची जाळी लागलेली असतात. अमेरिकेने २००८ मध्ये राइट व्हेल वाचवण्यासाठी पूर्व किनाऱ्यावरील ठरावीक पट्ट्यांत, ठरावीक हंगामात पासष्ट फूट आणि त्याहून लांब नौकांना दहा नॉटची मर्यादा घातली. आपल्याकडेही खोल पाण्यातला मार्ग आखून द्यावा, बंदरात शिरताना वेग उतरवावा, आणि तो मार्ग जाळी टाकण्याच्या जागा सांगणाऱ्या तांडेलांना, म्हणजे होड्यांच्या प्रमुखांना, विचारून आखावा. इंधनाचेही तसेच: होडीच्या मागे बाहेरून लावलेली जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिने पाव हिश्श्याच्या आसपास इंधन न जळताच पाण्यात सोडतात, तेव्हा ती बदलण्यासाठी अनुदान हे जेट्टीवरच्या सुशोभीकरणाच्या आधी यायला हवे. केरळात वैकम येथे ‘आदित्य’ ही पंचाहत्तर प्रवाशांची सौर बोट जानेवारी २०१७ पासून नियमित फेऱ्या करते आहे. किल्ल्याची वाट तर त्याहूनही जवळची आहे.

जेट्टीविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. भराव घालून बांधलेला धक्का वाळूचा प्रवाह अडवतो. एका बाजूला वाळू साचते, दुसऱ्या बाजूला किनारा खचतो. कर्ली खाडी आणि समुद्र यांच्या मध्ये चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबागच्या लोकांना समुद्राने खाल्लेल्या जमिनीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्याच खाडीच्या मुखाशी ‘त्सुनामी आयलंड’ म्हणून पर्यटकांना दाखवला जाणारा वाळूचा दांडा आहे; भरतीला पाण्याखाली जाणाऱ्या त्या वाळूवर किती होड्या एका वेळी लागतात, हे गर्दीच्या दिवशी कोणीही जाऊन पाहावे. मार्ग, फेऱ्या आणि बोटींचा आकार आधी ठरला, तर अनेक ठिकाणी काँक्रीटच्या भरावाऐवजी तरंगता धक्का पुरेल असे दिसून येईल. उलट जेट्टी आधी बांधली, की तिच्यावरचा खर्च भरून काढण्यासाठी मोठ्या बोटी आणाव्या लागतात, आणि मग आराखडा जेट्टीच्या मापाने कापला जातो.

हे सगळे कोणी ठरवायचे, हा या विषयातला सर्वांत नाजूक भाग आहे. १९८७ मध्ये अभयारण्य जाहीर झाले ते वरून. ज्यांच्या जाळ्यांची जागा त्यात गेली त्यांना विश्वासात घेतले गेले नाही, असे मालवणच्या मच्छीमारांचे म्हणणे राहिले, आणि त्यानंतरची कित्येक वर्षे अभयारण्य हा शब्द तेथे संशयाने उच्चारला गेला. संरक्षणाचा हेतू चांगला असूनही समुद्राशी सर्वांत जवळचे नाते असलेली माणसेच विरोधात उभी राहिली, यापेक्षा मोठे अपयश कोणते? म्हणून आराखड्याच्या समितीत मेरीटाइम बोर्ड, वन विभाग, पुरातत्त्व विभाग आणि पर्यटन महामंडळ यांच्या इतकाच मान किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या रापणकरांना, गिलनेटवाल्यांना आणि किल्ल्याच्या होडीवाल्यांना असला पाहिजे. बोया कोठे बसवायचा हे त्यांच्या सल्ल्याने, आणि त्याची देखभाल त्यांच्याच हाती, मोबदला देऊन.

कोल्हापूरने आपल्या बाजूने काय करावे? मध्यवर्ती बस स्थानकावर आणि सहल आयोजकांच्या कार्यालयांत किल्ल्याच्या फेरीचे वेळेसह तिकीट मिळण्याची सोय व्हावी, म्हणजे जागा भरल्याचे माणसाला गगनबावड्याच्या अलीकडेच कळेल. सहल आयोजकांनी नांगर टाकणाऱ्या होडीशी व्यवहार न करण्याचे एकत्रितपणे ठरवावे. किनाऱ्यावरचा धंदा ग्राहकाच्या अशा एका अटीने जितक्या लवकर बदलतो तितका परिपत्रकाने बदलत नाही. आणि शाळांनी सहली शनिवार सोडून मंगळवार-बुधवारी न्याव्यात.

वेळापत्रकही निसर्गाने आखून दिलेले आहे. मार्च ते मे या काळात तळाची पाहणी होऊ शकते, कारण पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असते आणि होडीवाले रोज समुद्रात असतात. जून-जुलैत मासेमारी बंद, प्रवासी वाहतूक बंद. गावोगावच्या बैठका आणि पाळ्यांची बोलणी करायला यापेक्षा मोकळा काळ नाही. सप्टेंबरात समुद्र शांत झाला की वजने आणि बोये उतरवता येतात, आणि दिवाळीची पहिली गर्दी गगनबावडा उतरण्याआधी तिकिटांची व्यवस्था सुरू होऊ शकते. जेट्टीच्या निविदा त्यानंतर काढाव्यात.